तापाचे अकरा दिवस

लेखिका : हे प्रश्नचिन्ह तुझंच ना, वहिनी?

वहिनी : माझंच. तुमची मुद्रितं दुसरं कोण तपासतं?

लेखिका : कविता, कादंबऱ्या धरून एकोणीस पुस्तकं तपासलीस. काना-मात्रा सोडून कधी कशाला हात लावला नाहीस. नेमका आत्मचरित्रावरच का चालला? बारा वाजता छापखान्याचा माणूस येतोय.

वहिनी : मग उलटा पान. विचारलं म्हणून उत्तर द्यायलाच हवं असं थोडंच आहे?

लेखिका : उलटता येत नाहीये म्हणून तर स्वयंपाकघरात आले. ऐक. "संप सोडून मी लेकीच्या उशाशी आले. मुदतीचा ताप होता. अकरा दिवस बसून राहिले. तिचा हात म्हणजे हात नव्हे, तापलेली वीट." यात काय चुकलं?

वहिनी : काही नाही. छान लिहिलंय.

लेखिका : वहिनी, आढेवेढे नकोत.

वहिनी : वन्सं, तुम्ही नव्हतात. पोर आमच्याकडे ठेवून सूतगिरणीतल्या बायकांच्या संपाला गेला होतात. बाराव्या दिवशी आलात, तेव्हा ती उठून बसली होती.

लेखिका : छे. मला सगळं दिसतंय की. ती खिडकीची फुटकी काच, तिला लावलेला वहीचा पुठ्ठा.

वहिनी : पुठ्ठा मी लावला होता. तुम्हाला पत्रात कळवलं होतं. विटेचंही.

लेखिका : वीटसुद्धा तुझी?

वहिनी : हात तसा लागत होता, तर दुसरं काय लिहिणार? मी काय कवयित्री आहे?

लेखिका : तीस वर्षं सभांमधून सांगतेय मी हे. बायका डोळे पुसतात.

वहिनी : मीही पुसले एकदा. मागच्या रांगेत होते.

लेखिका : आणि बोलली नाहीस?

वहिनी : भर सभेत उठून काय सांगू, ती मी म्हणून? तुमच्या भावाने वेड्यात काढलं असतं मला. शिवाय म्हटलं, भाषण आहे, थोडी मीठमिरची लागायचीच. पण पुस्तक मागे राहतं. म्हणून केली खूण. पेन्सिलीने केलीय, खोडली तर जाईल.

लेखिका : लाज वाटते गं मला. बाईचं काम बाईच्या नावावर लागलं पाहिजे म्हणून जन्मभर घसा कोरडा केला, आणि घरातल्या घरात मीच डल्ला मारला. तोही मला न कळता.

वहिनी : डल्ला कसला. घरातलंच तर होतं.

लेखिका : असं बोलू नकोस, मेल्याहून मेल्यासारखं होतं. आण ते पेन. "उशाशी बसली ती माझी भावजय", असं घालते. आणि लेकीला आत्ता फोन लावते. पुस्तकातून कळायला नको तिला.

वहिनी : फोन ठेवा खाली.

लेखिका : का?

वहिनी : तिला वाटतं, तुम्हीच होतात.

लेखिका : सहा वर्षांची होती ती. तिने डोळ्यांनी पाहिलंय तुला.

वहिनी : पाहिलं असेल. ऐकलं त्याहून जास्त. परवा नात आजारी पडली ना, तेव्हा मला म्हणाली, "मामी, आई माझ्यासाठी संप टाकून आली होती. मला साधी रजा टाकता येऊ नये?"

लेखिका : तुला म्हणाली? तुला?

वहिनी : मग कुणाला म्हणणार?

लेखिका : तू काय म्हणालीस?

वहिनी : म्हटलं, हो गं, आली होती.

(लेखिका पानावर वरपासून खालपर्यंत काट मारते.)

लेखिका : पानच काढते. माझ्या नावाने तर नाहीच जायचं ते.

वहिनी : काढा. पुस्तकातलं काढा. पोरीच्या मनातलं राहू दे. आजारपणात आई जवळ होती, एवढंच तर वाटतंय तिला.

लेखिका : आणि तू, वहिनी? तुझ्याकडे काय राहिलं?

वहिनी : मी होते ना तिथे.