एकशे तिसरी ओळ

(नंदुरबार. दुपार. ओट्यावर क्रोशाची अर्धी विणलेली पांढरी चादर, शेजारी लॅपटॉप.)

स्वप्नाली : म्हणजे आईनं हा नमुना कागदावर कधीच उतरवला नव्हता, मावशी?

कमलबाई : चौथी शिकेल बाई ती. कागद कसाले? डोकामा व्हतं सगळं.

स्वप्नाली : मला सापडला तो. लोणखेड्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर चार दिवस घातले. भरलेल्या घराला एक, रिकाम्याला शून्य, अशी एकेक ओळ लॅपटॉपात टाकली. प्रत्येक घराखाली दोन घरं येतात. त्यांतलं एकच भरलेलं असलं तर वरचं भरायचं. दोन्ही सारखी असली की वरचं रिकामं सोडायचं. हेच आम्हाला लॉजिकच्या तासाला शिकवतात, आणि माझ्या आईला ते येत होतं.

कमलबाई : ती म्हने, एकलीले सोबत, जोडीले सुट्टी.

स्वप्नाली : तुला ठाऊक होतं? मग सांगायचं ना.

कमलबाई : तू कधी इचारं?

स्वप्नाली : असू दे. आता आई नाही, तर प्रोग्राम पुढची ओळ सांगेल, मी विणेन. माघात लग्न, तोवर पुरी होईल. रुखवतात आईची हीच चादर मांडायची. फक्त सत्त्याऐंशीपासून एकशे दोनपर्यंत तो चुका दाखवतो.

कमलबाई : उसवी टाक तितल्या ओळी. रुखवतमा बाया बोट ठेवतीन.

स्वप्नाली : ठेवू देत. चुका कुठं आहेत बघ. एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे. दर ओळीला कापड उलटवतो ना आपण? म्हणजे तिच्या हातात असताना प्रत्येक चूक डावीकडेच होती.

कमलबाई : मिरच्या खुडानं काम पडेल शे घर. मी जास.

स्वप्नाली : बस गं. सुरतच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? डोक्यात उजवीकडे गाठ आहे, म्हणून डावीकडचं दिसत नाही. ते आखाजीनंतर, वैशाखात. आई रोज एक ओळ विणायची, त्या हिशोबानं सत्त्याऐंशीवी मागल्या संक्रांतीची येते. आणि एकशे तीनपासून सगळं बरोबर. गाठ तर वाढतच होती. मग बरोबर कसं आलं?

कमलबाई : मी रोज बसू तिना डावा हातले. खालली घरं दखीसन सांगू, ती इने.

स्वप्नाली : तुला माहीत होतं.

कमलबाई : तिनी मन्ही शपथ घाली. म्हने, पोरीनी परीक्षा होऊ दे, मंग दखाडूत. माले वाटनं, चष्मानं काम व्हई.

स्वप्नाली : डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणायला हवं होतं. तू तिथंच उभी होतीस, मावशी. एक शब्द बोलली नाहीस.

कमलबाई : काय बोलू? मन्ही धाकली बहीण व्हती ती. मी समजू, मदत करी ऱ्हायनी.

स्वप्नाली : मला तरी का नाही सांगितलंस?

कमलबाई : तू रविवारले येस, ती हौसखाल चादर पसरीसन दखाडे. तू हसनी तिले.

स्वप्नाली : पहिल्या रविवारी हसले. दुसऱ्या रविवारी बोललेच. म्हटलं, आई, तुझं लक्ष कुठंय, माझ्या लग्नाची चादर आहे ही.

कमलबाई : त्याच सांजले तिनी माले बलावं. म्हने, अक्का, आते पोरले चूक दखायाले नको.

स्वप्नाली : तिसऱ्या रविवारी मी ठरवून आले होते. तिला डोळे दाखवायला न्यायचंच म्हणून. रिक्षावाल्याला बाहेर थांबवून ठेवलं होतं.

कमलबाई : मंग?

स्वप्नाली : मग तिनं चादर पसरली. नव्या ओळींत एकही चूक नव्हती. मी रिक्षा परत पाठवली.