आरतीची तबकडी

—न्हाई न्हाई, बसा पाव्हणं, ओली झाली तर होऊ द्या, गादी काय माझी न्हाई, सुंदरराव मालकाची हाय, आन ते घरी गेलेत. काठी टेकवा तितं भिताडाला. तुमी नदीकडूनच आलात न्हवं? उताराला किती पाणी हाय? ऱ्हाऊ द्या, आधी दम खा, मंग सांगा. मला घाई न्हाई. सकाळधरनं ह्या गाण्याच्या पेटीला चावी देतोय.

ह्यो भोंगा बघितला का? माजलगावच्या बाजारात गाण्याची पेटी फकस्त आमच्या दुकानात. मी बंकट, तबकड्या लावतो आन मधी मधी वरडतो — लुगडी आली, धोतरं आली — गिऱ्हाईक गाण्यापाशी बसतं, मंग कापड घेतं. सकाळी भजन, दुपारी लावणी, आन मालकाच्या घड्याळात तीन वाजले की आरती. आरती लागली की आख्खा बाजार उठायचा. नदीपल्याडच्या माणसांकडं कुठलं घड्याळ? वर बीडाकडं पाऊस झाला की शिंदफणा सांजच्याला फुगती, त्याच्या आत उतारावरनं पायी नदी वलांडायची — तर आरतीवर निघायचं. चार वर्सं हेच चालत आलं. आज आरती लावली न्हाई. मालकानं सगळं बदललं. हैदराबादेहून नव्या तबकड्या आणल्या, कव्वालीच्या, हसायच्या — आजचा पयलाच बाजार. लोक जाग्यावरून हालंनात. ढगात दिवस कुठं गेला, कुणाला कळलं न्हाई.

आता मालकानं बदललं म्हंजी — त्यांना सुचवलं कुणी? म्याच. आरती झाली की विक्री थांबती, म्हणलं, आरतीच काढून टाका. लई शाना हायेस म्हणले मला. पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं.

तुमाला वाटंत बाई दिसली का, मेंढरंवाली? माझी आक्का, दगडाबाई. माय गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या काठीला पितळंचं कडं हाय, पयल्या पगारात म्या बसवून दिलं — लांबून चमकतं. मघा नदीपोतर जाऊन आलो, पल्याड काई चमकलं न्हाई. पोचली आसंल, भाकरी थापत आसंल. दुपारी तितं बसलती, त्या खांबाला टेकून. मला म्हणली, बंकट, आरती कवा रं? मालक बगत हुते. म्या म्हणलं, बस गं आक्का, अजून लई येळ हाय. तवा चार वाजून गेलते, पाव्हणं. घड्याळ माझ्या डोक्यावरच हुतं. ती बसली. माझ्यावर इस्वास ठिऊन बसली.

मला भ्या वाटतंय. थांबा, कंदील लावतो, अंधारून आलं. हां. आता सांगा, उताराला —

ती काठी. ती जरा इकडं फिरवा.

न्हाई. तोंड उघडू नका. आसली पितळंची कडी बाजारात लई मिळत्यात. ठिवा ती तितंच आन जा तुमी, पाव्हणं, दुकान बंद हाय. सरका बाजूला, मला आरती लावायची हाय. ती आरतीबिगर उठत न्हाई.