निर्जळी एकादशीचे औषध

मी मूळचा डोंगरकड्याचा. वडील पुराण सांगत आणि आसपासच्या गावांची भिक्षुकी करीत. मुंज झाल्याबरोबर त्यांनी मला नांदेडास गुरुगृही ठेवले, तिथे गोदावरीच्या काठी शब्दरूपे, धातुरूपे, संहिता आणि थोडे धर्मशास्त्र यांत माझे बालपण गेले आणि तारुण्यही उगवले, आणि परत आलो तेव्हा पाहतो तर विद्या होती, पोटाला वृत्ती नव्हती. काय सांगू तुम्हांला, अशा वेळी एका कसब्याच्या गावी सरकारी दवाखान्यात जागा निघाली. गावाचे नाव मी घेत नाही, तिथली माणसे हयात आहेत. जागा कसली, तर पाणी देणाऱ्या ब्राह्मणाची. राज्य निजामाचे, डॉक्टरसाहेब हैदराबादेचे, कागद सगळा उर्दूतला आणि रोगी मात्र आमचे मराठी. म्हणून रोग्यांना प्यायला पाणी द्यावे, आणि कोणते औषध केव्हा, कसे घ्यावे ते त्यांना मराठीत समजावून सांगावे, अशी दोन्ही कामे मजकडे आली. रोग्याची सेवा ही देवपूजेहून निराळी नाही अशी मनाची समजूत घालून मी खिडकीशी बसलो, तो आजतागायत तिथेच बसलो आहे.

खिडकीच्या आत करीमभाई. ते आमचे कंपाउंडर, म्हणजे औषध मोजून देणारे. जन्म वसमतचा, हात अतिशय स्वच्छ, बोलणे थोडे. तिसरा मल्हारी, जखमा बांधणारा, पण माणसे इतकी कमी की झाडण्यापासून प्रेत उचलण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात. डॉक्टरसाहेबांकडे शेजारच्या तालुक्याचेही काम, त्यामुळे आठवड्यातले अर्धे दिवस ते फिरतीवर. आणि आणखी एक गोष्ट सांगायला हवी. करीमभाईंच्या आधीचा जो कंपाउंडर होता त्याच्याकडून औषधात काही चूक झाली, ती वर कळली, आणि त्याला तडकाफडकी काढले. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात चूक झाली तर ती पदराखाली झाकावी अशी जणू रीतच पडली. वरचे रागावतील, नोकरी जाईल, म्हणून कोणी कोणाला काही बोलत नसे.

आता औषधाची रीत ऐका. रोग्याने घरून बाटली आणायची, करीमभाई तिच्यात अर्क मोजून घालणार, वर दवाखान्याचे उकळून गाळलेले पाणी घालणार, आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून तिला कात्रीने खाचा पाडणार, एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक मात्रा. पण सोवळ्याची घरे ते पाणी घेत नसत. प्यायचे पाणी माझ्या हातचे चाले, औषधातले पाणी मात्र औषधखोलीतले, ते करीमभाईंच्या हातचे, ते नको. करीमभाई, बिनपाण्याचे द्या, असे म्हणत नुसता अर्क नेत आणि घरी आडाचे पाणी बाटलीच्या गळ्यापर्यंत भरीत. हे कुठे लिहिलेले नव्हते. डॉक्टरसाहेबांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, सगळ्यांना ठाऊक होते. लोक औषध घेतात ना, मग चालू द्या, असे ते चालले होते.

भागीरथीकाकू म्हणून एक वृद्ध विधवा होत्या, कडक सोवळ्याच्या, जिभेच्या त्याहून कडक. त्यांना पोटात कळ येई, त्यावर धोतऱ्याच्या कुळातल्या एका विलायती झाडाचा अर्क चालू होता. ज्येष्ठातल्या निर्जळी एकादशीला सकाळी त्यांची सून यमू नवी बाटली घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे सांगितले, बाई, गळ्यापर्यंत पाणी घाल आणि मग खाच पाहून दे. ती मान हलवून गेली. दुपार कलली तेव्हा काकूंचा मुलगा नाना धावत आला, पण घाबरून नव्हे, त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. म्हणाला, शास्त्रीबुवा, चला, आईवर कृपा झाली, आई हवेतली फुलं वेचून राहिली, वारलेल्या बाबांशी बोलून राहिली, गल्लीतल्या बाया पाया पडायला येऊन राहिल्या.

मी गेलो. माझेही हात प्रथम जोडले गेले हे खरे. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड लालबुंद, ओठ सुकून चिरलेले, आणि ते सगळे उपवासाचे म्हणून कोणाला त्यात वावगे वाटेना. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला ओळखले नाही. डोळ्यांतली काळी बाहुली एवढी मोठी झाली होती की बुबुळ उरलेच नव्हते. मी यमूला विचारले, औषध दिलेस का, तर दिले म्हणाली. पाणी किती घातलेस, असे विचारले. म्हणाली, आज निर्जळी ना, सासूबाईच म्हणाल्या, औषधानं व्रत मोडत न्हाई पण पाण्याचा थेंब घालू नको, तसंच दे. तिने तसेच दिले, खाच पाहून, अगदी बराबर. बाटलीच्या तळाशी जेवढा अर्क होता त्यातला निम्मा एका घोटात गेला होता.

दैव बलवत्तर, त्या दिवशी डॉक्टरसाहेब गावात होते. मी पळत जाऊन सांगितले, ते तसेच उठले, नळी घालून काकूंचे पोट धुतले, आणि त्यांच्या उशाशी नाडी धरून बसले. काकू त्यांना आपले यजमान समजून सबंध वेळ बाजारातून आणलेल्या वांग्यांबद्दल रागे भरत होत्या. साहेबांना मराठी येत नसे, ते फक्त जी, जी म्हणत होते. द्वादशीच्या सकाळी काकूंनी डोळे उघडले आणि विचारले, पारण्याचं काय केलंय. ते शब्द ऐकून मी बाहेर ओट्यावर येऊन सूर्याला नमस्कार केला.

पण मागे राहिली यमू. घरादाराने दोष तिच्यावर टाकला, सुनेने सासूला मारायला घेतले होते असे लोक बोलू लागले आणि तिला माहेरी, आमच्याकडच्या गोरेगावला, नेऊन घालायचे ठरले. दवाखान्यात मल्हारी म्हणाला, बरं झालं, आपल्यावर आलं न्हाई. तेव्हा करीमभाई हातातला बत्ता ठेवून मला म्हणाले, पंडतजी, उस पोरीपे इल्जाम आ रहा, मैं चुप कैसा बैठूँ. बिनपानीकी दवा तो मेरे हाथसे गई. मल्हारी म्हणाला, करीमभाई, तुमी काहून जीव द्यायला निघाले, आधीच्या कंपाउंडरचं काय झालं ठावं न्हाई का, घरी लेकरं हायेत तुमच्या. करीमभाई म्हणाले, हाँ, लेकरं हायेत, म्हणूनच. आणि ते डॉक्टरसाहेबांच्या खोलीकडे निघाले. मी त्यांच्यामागे गेलो, कारण त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणारे कोणी तरी हवे होते.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, ये तो मुझे भी मालूम था. त्यांनी वर कळवले, आणि कळवताना, ही दवाखान्याची चुकीची रीत आहे आणि ती मी चालू दिली, असे आपले नाव आधी घातले. नानाला बोलावून त्यांनी हेच समजावले, मी ते मराठीत सांगितले, आणि यमूचे माहेरी जाणे टळले. पण करीमभाईंचे काय होणार ते कळायला सगळा पावसाळा गेला. त्या काळात एकदा मोजलेले ते परत मोजत, आणि मला म्हणत, पंडतजी, देखो तो, बराबर है ना.

अखेर जिल्ह्याचे मोठे डॉक्टर तपासणीला आले. करीमभाईंना उभे करून विचारले, पानी क्यों नहीं मिलाया. त्यांनी जसे होते तसे सांगितले, कोणावर ढकलले नाही. मग मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले, पंडितजी, तुमच्या शास्त्रात असे आहे का. मी हात जोडून म्हणालो, साहेब, आतुराला, म्हणजे आजाऱ्याला, औषधाच्या बाबतीत शास्त्र फार उदार आहे, ही अडचण आम्हा माणसांनी घातलेली आहे. ते हसले. म्हणाले, मग पाणी तुम्हीच घाला, याच खिडकीत, रोग्याच्या डोळ्यांसमोर, आणि अर्क हे मोजतील. बिनपाण्याची बाटली यापुढे बाहेर जायची नाही. आणि या माणसाला काढले तर उद्या मला खरे कोण सांगेल, असे बोलून ते निघून गेले. करीमभाई बाकावर बसले. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून घेतला.

सोवळ्याची घरे काही दिवस कुरकुरली. मग एके दिवशी भागीरथीकाकू स्वतः बाटली घेऊन खिडकीशी आल्या आणि करीमभाईंना म्हणाल्या, काय रे, मला वर पोचवत होतास व्हय. करीमभाईंनी मान खाली घातली. काकू म्हणाल्या, तोंड काहून पाडतोस, मोज नीट, आणि शास्त्री, तू पाणी घाल, पण हात धू आधी. त्यांनी घेतले, मग कोण नाही म्हणणार.

डॉक्टरसाहेबांनी तेव्हापासून एक रीत घातली. सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी आम्ही सर्वांनी बसायचे आणि काल कुठे चुकले, कुठे चुकता चुकता राहिले, ते ज्याचे त्याने सांगायचे, आणि सांगणाऱ्यावर रागवायचे नाही. आरंभी सगळे गप्प बसत. मग साहेबांनी स्वतःपासून सुरुवात केली, तेव्हा मल्हारीचीही जीभ सुटली, आणि ती अजून थांबायची आहे.

पुढे साहेब बदलून गेले, यंदा भाद्रपदात राज्यही बदलले. ते दिवस मुसलमान घरांना कठीण होते, करीमभाईंची मुलेमाणसे काही दिवस आमच्या माजघरात राहिली. आता निवळले आहे, नव्या अधिकाऱ्यांनी त्यांना जागेवर ठेवले आहे, आणि सकाळचे बसणेही चालू आहे. परवा नव्या नर्सबाई, अजून पोरवयाच्या, म्हणाल्या, काल मी एका रोग्याची गोळी दुसऱ्याला देत होते, त्याने नाव सांगितले म्हणून राहिले. करीमभाईंनी बाकावर सरकून त्यांना जागा केली. म्हणाले, बैठो बेटी, कसं झालं ते सांग, म्हंजे आमच्या हातून होणार न्हाई. त्या बसल्या आणि सांगू लागल्या. परमेश्वर त्या लेकीला उदंड आयुष्य देवो, आणि तिच्या हातून औषध घेईल त्या प्रत्येकालाही.