एकोणचाळीस मिनिटं

(मानपाड्याच्या रसायन कारखान्यातली सर्व्हरची खोली. रसिका ठाण्याच्या हेड ऑफिसातून तपासणीला आलेली.)

रसिका : चारही सरावांना एकोणचाळीस मिनिटं, फेलिक्स सर?

फेलिक्स : मशीन तेच, सराव तोच. टाइम कसा बदलेल, मॅडम?

रसिका : गॅसगळतीचा इशारा पाठवणारा इथला सर्व्हर पडला की ठाण्याचं व्हर्च्युअल मशीन काम हातात घेतं, असं तुम्ही लिहिलंय. मी काल त्याचा लॉग बघितला. मार्चपासून ते नेटवर्कवरच नाही. काढलंय कुणी? तुमचंच लॉगिन आहे.

फेलिक्स : चहा सांगू?

रसिका : विषय बदलू नका. म्हणजे सराव झालेच नाहीत.

फेलिक्स : एक झालेला. मार्चमध्ये, खराखुरा. ठाण्याचं मशीन उठलं आणि उठल्या उठल्या त्यानं गॅसगळतीचा मेसेज सोडला. मागच्या चाळीत, दोनशे घरांना. जुन्या टेस्टचा मेसेज होता, रांगेत अडकून पडलेला. मी रांग साफ करायला विसरलेलो.

रसिका : आणि लोक?

फेलिक्स : पळाले. आपल्याकडे कामाला असलेल्या दौलतची आई, रंगूबाई, जिन्यात पडल्या. खुबा गेला.

रसिका : वर कळवलंत?

फेलिक्स : नाही. चाळीत सांगितलं, छोटी गळती होती, आटोक्यात आली.

रसिका : खोटं.

फेलिक्स : हो, खोटं. घाबरलेलो मी, म्हणून ते मशीनच काढून टाकलं. नोकरी गेली असती.

रसिका : आता तरी खरं बोलताय कशावरून?

फेलिक्स : मेसेजचा लॉग अजून आहे. पुसायला हात धजावला नाही. बघा, हा.

रसिका : ...आज हा सर्व्हर बंद पडला आणि खरंच गॅस सुटला तर?

फेलिक्स : मेसेज जाणार नाही.

रसिका : कुणालाच?

फेलिक्स : कुणालाच नाही.

रसिका : आणि तुम्ही रोज जेवता, झोपता?

फेलिक्स : जेवतो. झोपेचं विचारू नका.

रसिका : आजच रांग साफ करा, ते मशीन जोडा. गुरुवारी माझ्यासमोर सराव. त्याआधी चाळीत जाऊन सांगायचं, मेसेज आला तर तो सरावाचा आहे.

फेलिक्स : मग ते विचारतील, मार्चमध्ये काय झालेलं?

रसिका : विचारू दे. रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिणार आहे. तुमचं नावही.

फेलिक्स : लिहा. दौलतला मी सांगतो. रंगूबाईंना तुम्ही सांगाल का, मॅडम? मी गेलो की वॉकर धरून उठतात, मला पाणी द्यायला. म्हणतात, तुझ्यामुळे वाचलो.