दोन्हीकडं उंची

अठ्ठ्याण्णव साली वसमतच्या स्टँडवर सिंधूबाई नांदेडच्या गाडीसाठी रांगेत थांबली होती. तिच्या पुढं सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाणी वाटणारा म्हातारा पाटकरी आणि त्याची लेक उभी होती. लेकीच्या हातात गणिताच्या प्रबंधाची जाड फाईल होती.

“सरांनी काहून परत केलं?”

“उत्तर सुटं करून, उंची एकाच बाजूला ठेवून दाखव म्हणतात, आबा. माझ्या समीकरणात लाटेची उंची बराबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडं येऊन राहिली.”

“म्हंजी?”

“जितकी उंच, तितकी लाट जोरात पळते. आन् किती पळाली, त्यावरच इथली उंची ठरते.”

“पाणी तसंच असतंय. आमी आधी अंदाजानं उंची धरतो, मग पाणी कुठवर आलं ते बघतो. जुळलं न्हाई तर दुसरी धरतो.”

“मी तेच केलंय.”

“आन् मागचं पाणी पुढच्यावर चढतं, तिथं?”

“तिथं माझी रीत मोडते. तसं लिहिलंय मी.”

“तरी परत?”

“तिसऱ्यांदा. आज पुन्हा तेच देणार हाय.”

गाडी लागली. लेकीमागं पाटकरीही चढला.

“आबा, तुमची गाडी औंढ्याची.”

“दोन नांदेड द्या, मास्तर. बुधवारी कालव्याला पाणी सुटतंय. सरांना घेऊन येतो. उंची न धरता सांगा म्हणतो, पाणी कुठवर येईल.”