कासमचा अंगठा

तुमी इचारलं म्हणून सांगतो, तो राग अजून माह्या डोक्यातून गेला नाही. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी न् आमच्या अनसिंगचा कासम शिंपी, दिवाळीनंतर शिवणयंत्र घ्याले मुंबईले गेलो. तिथं वळखीच्या कापूस-दलालानं आमाले मासे धराले समुद्रात नेलं. भाड्याची मोठी होडी, आठ-दहा शेठलोक न् ज्याच्या त्याच्या हातात गळ.

दलालानं मागं न पाहता गळ फिरवला, तो कासमच्या उजव्या अंगठ्यात घुसला. रक्ताची धार लागली.

मी म्हटलं, "होडी फिरवा, याले दवाखान्यात न्या लागते."

दलाल म्हणे, "थांबा हो, आत्ता कुठे मासे लागायला लागलेत. एवढ्याशा अंगठ्याचं काय!"

"शिंप्याचा अंगठा हाये तो! त्याच्यावर पाच लेकरं जेवतात."

कोणी हललं नाही. सारे पाण्याकडंच पाहून राह्यले होते. माह्या अंगाची आग झाली. होडी हाकणाऱ्या तांडेलाचा सुरा उचलला न् एकेकाच्या गळाची दोरी कापत गेलो.

"वेडा झालास का?" दलाल वरडला.

"आता कायले थांबता? फिरवा!"

तांडेलानं होडी वळवली.

दवाखान्यात गळ निघाला, पण डाक्टर म्हणे, अंगठा आता सरळ होत नाही. बाहीर दलाल उभाच होता. "एका अंगठ्यापायी आमची सगळी सहल नासवलीत," म्हणे.

मी त्याचा हात धरला. "मंग तुमचा द्या त्याले."