पाच फुटांवरचा भ्रंश

(विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातली प्राध्यापकांची खोली. दुपार. टेबलावर एक जाडजूड प्रबंध आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड.)

संशोधिका: हात लावून बघा ना, सर. चावत नाही.

सर: नमुने कसे हाताळायचे ते मला शिकवू नकोस. तीस वर्षं दगडच हाताळतोय.

संशोधिका: म्हणूनच म्हटलं. हा दगड नाहीये. बिडाचा पाइप आहे, फुटून निघालेला तुकडा.

सर: बरं, पाइप. कुठे मिळाला?

संशोधिका: तुमच्या भ्रंशात.

सर: ‘तुमच्या’ काय? भ्रंश कुणाच्या मालकीचा नसतो.

संशोधिका: पाठ्यपुस्तकात तुमच्याच नावाने आहे. नकाशातसुद्धा. शहराच्या उत्तरेला सहा किलोमीटर लाल रेषा, आणि खाली लिहिलंय की इथे जमीन खोलवर तुटली आहे आणि हळूहळू सरकते आहे. त्या रेषेला आडवे चार खड्डे घेतले मी.

सर: मग?

संशोधिका: चारही ठिकाणी पाच फुटांवर पाइप. खालचा खडक अखंड. तुटलेला नाही, सरकलेला नाही, खरचटलेलासुद्धा नाही.

सर: भ्रंशाच्या वरून पाइप गेला असेल. योगायोग असतात, बाळ.

संशोधिका: सहा किलोमीटरचा योगायोग? भ्रंश वळतो तिथे पाइप वळतो. टाकीपाशी तर चक्क काटकोनात वळतो. त्या काटकोनावर तुमच्या पेपरात अकरा पानं आहेत.

सर: ती अत्यंत दुर्मीळ भूरचना आहे.

संशोधिका: बारा इंची बेंड आहे, सर.

सर: अगं, पण विमानातून घेतलेल्या फोटोंचं काय? भर उन्हाळ्यात सगळीकडे पिवळं, आणि मधून एक हिरवीगार रेषा. भ्रंशातून भूजल वर आल्याशिवाय गवत असं तगत नाही.

संशोधिका: जोड गळतायत. तिथे पाणी मुरतंय.

सर: शब्दांचे खेळ नकोत.

संशोधिका: खेळ नाही. खरोखरच मुरतंय.

सर: हे बघ. तुझ्याआधी सात जणांनी या भ्रंशावर डॉक्टरेट मिळवली. सात! एकाने तर वेग मोजला. वर्षाला दोन मिलिमीटर.

संशोधिका: चरात भरलेली माती खचत होती. फार काटेकोर मोजलंय त्यांनी, त्याबद्दल वाद नाही.

सर: तो तुझा परीक्षक आहे.

संशोधिका: हो. तुम्हीच नेमलाय.

सर: मग जरा व्यवहाराने वाग. निष्कर्षात एक वाक्य घाल. ‘प्रस्तुत भ्रंशाच्या काही भागांत मानवी हस्तक्षेपाच्या खुणा आढळतात.’ बघ किती सुंदर वाक्य आहे. कुणालाच लागत नाही.

संशोधिका: यात पाइप कुठे आहे?

सर: हस्तक्षेपात आला ना तो.

संशोधिका: सर, सहा वर्षं या रेषेमागे घालवलीत मी. पहिली पाच वर्षं भ्रंश शोधत होते आणि तो सापडत नाही म्हणून स्वतःलाच मूर्ख समजत होते.

सर: मग आणखी सहा महिने कळ काढ. मी निवृत्त होतोय. मग काय हवं ते लिही, पहिली टाळी माझी.

संशोधिका: आणि त्या पट्ट्यातले लोक?

सर: कुठले लोक?

संशोधिका: एक बाहेर बाकावर बसलेत. काका, या आत.

फिटर: नमस्कार. बसत नाही, उभाच बरा. गुडघा एकदा वाकला की सरळ व्हायला फार मिनतवाऱ्या लागतात.

संशोधिका: सर, हे पाणीपुरवठ्यात फिटर होते. ही लाइन यांनी टाकली.

फिटर: एकट्याने नाही हो. पाच जण होतो. मुकादम धरून सहा, पण मुकादम कामात धरायचा नसतो.

सर: याची कुठे कागदोपत्री नोंद? नकाशा वगैरे?

फिटर: होता ना नकाशा. ऑफिस नव्या इमारतीत हललं तेव्हा टेम्पोत मावला नाही.

सर: म्हणजे पुरावा नाही.

फिटर: ते काय पेपरात गुंडाळलंय? सोडा बघू. हां, हा आमचाच. ही कॉलर बघा. जोडात शिसं ओतायचं असतं, ते इथे कमी पडलंय. म्हणून गळतो. हे माझ्याच हातचं. वाईट काम आहे, पण माझं आहे.

सर: या गृहस्थांचे काही वैयक्तिक हितसंबंध आहेत का यात?

फिटर: म्हणजे?

संशोधिका: तुमचा काही फायदा-तोटा आहे का, असं विचारतायत.

फिटर: फायदा नाही, साहेब. घर आहे. तुमच्या लाल रेषेपासून बारा पावलांवर. धोक्याचा पट्टा म्हणून वरचा मजला चढवू दिला नाही. धाकट्याचं लग्न झालं, तेव्हा दोन खोल्यांत सात माणसं. सूनबाई कधी वावगं बोलली नाही. भांडी बोलायची. शेवटी दोघं लांब निघून गेली. नातवाला मी आवाजावरून ओळखतो, तोंड आठवायला फोटो बघावा लागतो.

संशोधिका: शाळासुद्धा हलवली तिथली. मुलं मोठा रस्ता ओलांडून जातात.

सर: ते सगळं सुरक्षिततेसाठीच केलं होतं ना!

फिटर: हो तर. पाइपाने एखादं पोर गिळलं असतं म्हणजे?

सर: तुम्हाला जर हे ठाऊक होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलं? आता सगळं होऊन गेल्यावर तोंड उघडायचं आणि शास्त्रज्ञांना दोष द्यायचा!

फिटर: सांगितलं की.

सर: कुणाला?

फिटर: तुम्हाला.

सर: मला?

फिटर: याच खोलीत. टेबल तेव्हा खिडकीपाशी होतं. तुमचे केस काळे होते. तुम्ही विभागाचे नवे साहेब झाला होतात, लोकांनी आणलेली फुलं अजून सुकली नव्हती.

सर: रोज दहा माणसं काही ना काही घेऊन यायची. एकोणीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं, ते माझ्या लक्षात कसं राहील?

संशोधिका: सर, किती वर्षं झाली ते काका बोललेच नाहीत. मीही नाही.

सर: एकोणीस म्हटलं मी?

संशोधिका: पाणी देऊ?

सर: नको. खणणार होतो मी. खोटं नाही सांगत. माणसं ठरवली होती, दिवस ठरला होता. त्याच आठवड्यात परिषदेचं निमंत्रण आलं, या भ्रंशावरच बोलायला. म्हटलं, आल्यावर खणू. आलो तर पाठ्यपुस्तकवाल्यांचं पत्र. मग पहिला विद्यार्थी आला, मग दुसरा. प्रत्येक वेळी खणायचा खड्डा थोडा आणखी खोल होत गेला. तुझ्या लेखी मी लबाड ठरलो असेन.

संशोधिका: माझ्या लेखी तुम्ही खणलं नाहीत, एवढंच.

सर: हे त्याहून वाईट बोललीस. आण तो प्रबंध. शीर्षक काय केलंस?

संशोधिका: ‘जुन्या जलवाहिनीची भ्रंश म्हणून झालेली नोंद’.

सर: ‘झालेली’. कुणी केलेली, ते नाही. उपकार झाले.

संशोधिका: शीर्षकात मावलं नाही. पान चारवर आहे.

सर: अपेक्षा होतीच. कुठे सही? इथे? घे. आणि परीक्षक मी बदलून मागतो, नाहीतर तो बिचारा स्वतःचे दोन मिलिमीटर वाचवायला जिवाचं रान करील. आता झालं?

संशोधिका: नगररचना कार्यालयाला पत्र. बांधकामाची बंदी उठवायची तर तुमचं पत्र लागेल. प्रबंध ते वाचत नाहीत.

सर: प्रबंध कुणीच वाचत नाही, म्हणून तर हा विभाग चाललाय. लिही. ‘सदर भ्रंशाच्या अस्तित्वाविषयी काही अंशी संदिग्धता निर्माण झाली असून...’

फिटर: संदिग्धता म्हणजे हो काय?

सर: म्हणजे नक्की काय ते सांगता न येणं.

फिटर: पण आता येतंय की सांगता.

सर: खोड ते. लिही. ‘हा भ्रंश नाही. माझी चूक झाली.’ पुरे?

फिटर: तारीख घाला. तारखेशिवाय तिथे कागद हातात धरत नाहीत.

सर: घातली. एक मात्र आहे, यावर पेपर झकास होईल. परदेशातसुद्धा छापतील. ‘एका भ्रंशाचा पुनर्विचार’. पहिलं नाव अर्थात...

संशोधिका: सर.

सर: बरं, दुसरं.

संशोधिका: दुसरं काकांचं.

सर: तिसरं. तिसऱ्याला तरी हरकत नाही ना?

संशोधिका: बघू.

सर: काका, एक विचारू? मी तेव्हा तुम्हाला वाटेला लावलं. मग पुन्हा का नाही आलात? भांडायचं होतं, आरडाओरडा करायचा होता. वर्तमानपत्रात जायचं. चर तर तुम्ही स्वतःच्या हाताने खणला होता!

फिटर: वाटेला कुठे लावलंत? बसवलंत, भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून अर्धा तास समजावलंत. छान समजावलंत, खरंच. घरी जाता जाता मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस सांगतोय, म्हणजे चर आपणच दुसरीकडे कुठेतरी खणला असणार.